हाताला गुण, गोळीला कुलूप

शिरोळ तालुक्यात डॉक्टर चांगला की वाईट हे ठरवायच्या तीन कसोट्या आहेत, आणि त्या बसवायला कुठल्या मेडिकल कौन्सिलची मदत घ्यावी लागलेली नाही. पहिली दाराबाहेरच्या चपलांची. चपला जितक्या जास्त, तितका डॉक्टर मोठा. दुसरी सुईची. सुई न करता नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्याने फी घेतली तरी कशाची, हा प्रश्न वडापची जीप जयसिंगपूरला पोचेपर्यंत चघळला जातो. तिसरी कसोटी सगळ्यांत वरची, ती म्हणजे हाताला गुण. सकाळी तपासलेलं पोरगं संध्याकाळी गल्लीत खेळताना दिसलं, की हाताला गुण आहे. ताप, जुलाब, खोकला आणि गुडघेदुखी यांचा निकाल एवढ्यावर लागतो.

पंचाईत होते ती घरात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याचं आणि अतिचुळबुळीचं दुखणं असलेलं पोर निघालं की. या बाबतीत जो खरा चांगला डॉक्टर, तो तिन्ही कसोट्यांवर सपशेल नापास. त्याच्या दाराबाहेर चपला कमी असतात, कारण एकेका घराला तो अर्धा-अर्धा तास देतो. सुई तो करतच नाही. आणि गुण आला की नाही, हे तोच उलट आपल्याला विचारत बसतो.

चार-पाच घरांत घडतं ते एकाच घरात बसवून सांगायचं, तर चिरंजीव चौथीत आहेत. जूनपासून दिवाळीपर्यंत पाण्याच्या तीन बाटल्या, कंपासपेटीचं झाकण आणि फक्त डाव्या पायाचा एक बूट हरवून झालेला आहे. उजवा घरात आहे, तो कुणी टाकूनही देत नाही. बाईंचा प्रश्न निम्मा व्हायच्या आत चिरंजीव उत्तर ठोकून देतात. उत्तर पुष्कळदा बरोबर असतं, फक्त प्रश्न दुसऱ्या मुलाला विचारलेला असतो. वजाबाकीत हातचा घेतात आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच कळत नाही. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, ‘हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही.’ हा शेरा महाराष्ट्रात इतक्या प्रगतिपुस्तकांत असतो की शिक्षण खात्याने तो छापूनच द्यावा, बाईंचा तेवढाच वेळ वाचेल.

घरात आजीचा निकाल मात्र केव्हाच लागलेला असतो. “त्याचा बापबी असाच हुता. धाव्वीपातूर एका जागी बूड टेकलं न्हाई त्येचं.” चिरंजीवांचे वडील यावर वर्तमानपत्र वर धरतात. गंमत अशी की आजी शास्त्राला धरून बोलत असते. जुळ्या भावंडांवर देशोदेशी झालेल्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७४ टक्के भरला. आजीने हे एकही जुळं न तपासता सांगितलं होतं.

अर्थात प्रत्येक वांड पोर एडीएचडीचं नसतं. तसं असतं तर कृष्णाकाठच्या निम्म्या गावांना औषध सुरू करावं लागलं असतं. निदानाची अट चांगली कडक आहे. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चुळबुळ आणि उतावीळपणाची नऊ. त्यांपैकी एखाद्या गटातली निदान सहा, सहा महिने सतत, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, आणि एकाच ठिकाणी नव्हे तर घरी आणि शाळेत, दोन्हीकडे. शिवाय त्यामुळे मुलाचं काहीतरी खरोखर अडलेलं हवं. नुसती शेजारीण वैतागली हे पुरत नाही. जगभरच्या पाहण्यांची २००७ मध्ये गोळाबेरीज झाली तेव्हा प्रमाण ५.२९ टक्के निघालं. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं. त्यातला जो बाकावरून उड्या मारतो तो सापडतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी ‘गुणी’ म्हणून सुटते आणि तिचं गणित का कच्चं याचा तपास कुणीच करत नाही.

सरकारने या दोघांना शोधायची सोय केलेली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्याच्या तीस बाबींच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पण पथकाची गाडी फाटकातून आत आली की ‘सुई हाय, सुई’ अशी कुजबुज होऊन सबंध शाळा चिडीचूप. चिरंजीव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, डोळे मोठे करून बसलेले. बाई कळकळीने सांगतात, “साहेब, रोज असा नसतो हो.” साहेब चिरंजीवांकडे बघतात, मग बाईंकडे, आणि पुढच्या मुलाचे दात तपासतात. इथे शास्त्र बाईंच्या बाजूने आहे. नवी जागा, नवा माणूस, एकास एक गाठ किंवा ताबडतोब मिळणारं बक्षीस असलं की ही मुलं तेवढ्यापुरती अगदी शांत दिसू शकतात, असं निदानाच्या ग्रंथातच लिहिलेलं आहे. ‘मोबाइलवर बसतो की दोन-दोन तास, मग लक्ष कसं नाही?’ हा सगळ्या काकांचा आवडता पुरावाही याच कारणाने बाद होतो. मोबाइल दर चार सेकंदांनी बक्षीस देतो. गणिताच्या पुस्तकाला ते जमलेलं नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी घर सल्ल्यांच्या फेऱ्यातून जातं. दृष्ट काढून होते. पुष्य नक्षत्र बघून सुवर्णप्राशनाचे थेंब होतात. नरसोबाच्या वाडीची पौर्णिमा धरली जाते. मामा म्हणतो हॉस्टेलला घाला, काका म्हणतो सैनिकी शाळेत घाला, सरळ होईल. यातल्या कशाने मुलाचं वाईट झालं असं नाही, वर्ष मात्र गेलं. मग पुण्याची आत्या फोनवर सांगते, “त्याची साखर बंद करा आधी. साखरेनंच होतं हे.”

ज्या तालुक्यात उसाच्या बिलावर लग्नाच्या तारखा धरतात, तिथे हा सल्ला म्हणजे जवळजवळ राजद्रोह. आणि इथे शास्त्र शिरोळच्या बाजूने उभं राहतं. १९९५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बऱ्याच प्रयोगांची एकत्र छाननी छापून आली. साखरेमुळे मुलांच्या वागण्यात वा बुद्धीत फरक पडत नाही, असा तिचा निष्कर्ष. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर फर्मास आहे. मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं, की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त दंगेखोर वाटायला लागली, त्या मुलांच्या जास्त मागे-मागे राहिल्या आणि जास्त बोलल्या. साखर मुलांच्या पोटात गेलीच नव्हती, ती आयांच्या कानात गेली होती. एरवी साखर कमी खावी हे खरंच, दातांसाठी. पण चुळबुळीचा गुन्हा दत्त साखर कारखान्याच्या माथी मारता येणार नाही.

आता डॉक्टर. या पट्ट्यात मोठं दुखणं म्हटलं की पाय आपोआप मिरजेकडे वळतात. १८९४ मध्ये डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी तिथे मिशनचं इस्पितळ उघडलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि तेव्हापासून ‘मिरजेला दाखवलं’ हे वाक्य उच्चारलं की नातेवाइकांचे निम्मे प्रश्न संपतात. उरलेले निम्मे ‘कोल्हापूरला दाखवलं’ म्हटल्यावर. पण कुणाला दाखवायचं? मेंदूचं म्हणावं तर मेंदूविकारतज्ज्ञ, मुलांचं म्हणावं तर बालरोगतज्ज्ञ, मनाचं म्हणावं तर मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, समुपदेशन करतात, पण गोळी लिहून देऊ शकत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट उपयोगी पडतात, गोळी तेही लिहीत नाहीत. घरात सगळ्यांचं नाव एकच, ‘डॉक्टर’. त्यामुळे तीन महिने एकीकडे जाऊन आल्यावर आजी विचारते, “एवढं हेलपाटं घातलं, औषिद कुठाय?” आणि मग लक्षात येतं की औषध लिहिणारा माणूस अजून भेटलेलाच नाही.

तो भेटणं सोपंही नाही. २०१९ मधल्या एका हिशेबानुसार देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५. म्हणजे लाखाला पाऊण. चार लाखांच्या आतबाहेर असलेल्या शिरोळ तालुक्याच्या वाट्याला त्या दराने जेमतेम तीन येतात, आणि त्यांतला मुलांचा किती, ते विचारायचं नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ नावाची खास याच मुलांची जात असते, पण ती मुंबई-पुण्याच्या हवेत जास्त वाढते. त्यामुळे पाटी सापडते ती अशी: ‘मनोविकार, व्यसनमुक्ती, निद्रानाश, लैंगिक समस्या’. चारही एकाच रंगात. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन या पाटीखालून आत शिरायला आईबापांना गळा आवळल्यागत होतं. म्हणून गाव सोडून लांबचा डॉक्टर शोधतात. उदगावच्या पुलावर कृष्णेत नाणं टाकून, जोडीला पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपीही टाकण्याचा चिरंजीवांचा बेत हाणून पाडून, पार पलीकडच्या शहरात पोचतात. वेटिंगमध्ये बसतात. आणि समोरच्या बाकावर आपल्याच गल्लीतले निवृत्त गुरुजी, नातवाला घेऊन.

“काय गुरुजी, इकडं कुठं?”

“मेव्हण्याचा नातू हा. त्याला जरा... सोबत म्हणून आलो. तुम्ही?”

“आम्ही पण सोबतच. साडूचा मुलगा.”

दोन्ही मुलं एव्हाना एकाच खुर्चीवर चढून पंख्याच्या रेग्युलेटरचा अभ्यास करत असतात. इतक्यात कंपाउंडर दारातून खच्चून ओरडतो, “शिरोळचे दोन पेशंट! बापाचं नाव सांगा!”

पहिल्या डॉक्टरकडे काम फार झटपट होतं. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीवरून डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत एडीएचडीचं निदान करायचं, तर त्या डॉक्टरला मुलापेक्षा जास्त घाई असली पाहिजे. पण आपल्या लोकांना झटपट निदानाचं कौतुक असतं. ‘नुसतं बघूनच वळिकलं!’ फार तर एमआरआय करून घेतात. तो नॉर्मल येतो आणि घर हिरमुसतं, एवढे पैसे घालून काहीच कसं निघालं नाही म्हणून. ते निघणारच नव्हतं. एडीएचडी रक्तात, एमआरआयमध्ये किंवा मेंदूच्या आलेखात दाखवून देणारी तपासणी नाही. ते दुखणं विचारूनच कळतं, आणि विचारायला वेळ लागतो.

हा वेळ देणारा डॉक्टर भेटतो तेव्हा घराचा पहिला अभिप्राय प्रतिकूल असतो. कारण तो मुलाला बाजूला ठेवून आधी आईला विचारतो. बाळंतपण कसं झालं, कितव्या महिन्यात चालायला लागला, झोपेत घोरतो का. मग म्हणतो, कान तपासून आणा. डोळे तपासून आणा. रक्तातलं लोह बघू. “डोस्क्याचा इलाज कराय आलोय आणि ह्यो कानात बगतुया,” आजी न राहवून म्हणते. पण ज्याला नीट ऐकूच येत नाही, टॉन्सिल-ॲडिनॉइडमुळे रात्रभर झोप लागत नाही किंवा अक्षरं जोडून वाचणंच जमत नाही, त्याचंही वर्गात लक्ष नसतं, आणि त्याला या गोळीचा उपयोग नाही. नंतर उंची भिंतीला टेकवून, वजन बूट काढून, नाडी, आणि लहान पट्ट्याने रक्तदाब. शेवटी वडिलांना एक विचित्र प्रश्न, “घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलंय का? हृदयाचं काही?” वडिलांना वाटतं, मुलगा बाकावर बसत नाही याचा आणि चुलत आजोबांच्या हार्ट ॲटॅकचा काय संबंध. संबंध आहे, कारण या औषधाने नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. ते आधी माहीत नसलेला डॉक्टर नंतर काय मोजणार?

आणि एवढं करून तो गोळी देतच नाही. बाईंसाठी प्रश्नांचा कागद देतो, भरून आणा म्हणतो. मूल सहा वर्षांखालचं असेल तर औषधाआधी आईबापांनाच शिकवायला बसवतो, मुलाला एका वेळी एकच काम कसं सांगायचं, शाबासकी लगेच कशी द्यायची ते. जयसिंगपूरला परत येईपर्यंत वडापमध्ये निकाल लागतो, की ह्या डॉक्टरला काही येत नाही.

खरं तर त्याने लिहून द्यायची गोळी फार जुनी आणि फार तपासलेली आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर आपल्या इस्पितळातल्या मुलांची डोकेदुखी थांबवायच्या खटपटीत होते. त्यांनी बेंझेड्रीन नावाचं उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीचं फारसं काही झालं नाही, पण मुलं एकाएकी अभ्यासाला बसली. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं. बायकोचं लाडकं नाव रीटा. टेनिस खेळायला जाण्याआधी ती हे औषध घ्यायची, म्हणून त्याने नाव ठेवलं रिटालिन. १९५४ मध्ये ते बाजारात आलं. नवऱ्याने बायकोचं नाव शेताला, ट्रॅक्टरला आणि पोल्ट्रीला दिलेलं शिरोळने पाहिलं आहे, पण गोळीला दिल्याचं हे उदाहरण दुर्मीळ.

उत्तेजक देऊन चंचल मूल शांत कसं होतं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गोळी मुलाला गुंगी आणत नाही. मेंदूत डोपामीन आणि नॉरॲड्रेनलीन यांचा पुरवठा वाढवून ती मुलाला स्वतःला आवरायला हात देते. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि चारेक तासांत संपते. सावकाश झिरपणारी आठ ते बारा तास चालते. म्हणजे ‘सकाळी औषध, संध्याकाळी फरक’ ही शिरोळची गुणाची कसोटी ही गोळी पहिल्याच दिवशी पास होऊ शकते, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. आज चालली म्हणजे हाच डोस कायम, आता डॉक्टर कशाला?

पण डॉक्टर सुटत नाही, कारण कायदा सोडत नाही. मिथाइलफेनिडेट अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली मोडतं आणि औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्येही बसतं. मेडिकलवाल्याला त्यासाठी वेगळा परवाना लागतो. माल कुलपात ठेवावा लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतली एक त्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. इतका कुटाणा महिन्याला दोन पाकिटांसाठी करायला पुष्कळ मेडिकलवाले राजी नसतात. वडील चिठ्ठी पुढे करतात. काउंटरवरचा पोरगा ती मालकाकडे नेतो. मालक चष्मा काढून चिठ्ठी बघतो, चष्मा लावून वडिलांना बघतो. “कुणाला पायजे हे?” “मुलाला.” “काय वय?” “नऊ.” मालक चिठ्ठी घडी घालून परत देतो. “सांगलीत बघा. न्हाईतर मिरजेत.” आपल्या पोराच्या अभ्यासासाठी आपण गांजाची पुडी मागितली की काय, असं वडिलांना वाटतं.

बरं, डॉक्टरला व्हिडिओवर गाठावं, तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी परिशिष्ट ‘एक्स’ची औषधं दूरस्थपणे लिहून द्यायला मनाई केली आहे. मोबाइलवर डॉक्टरशी बोलता येतं, सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो, चिठ्ठीला मात्र समक्षच जावं लागतं. गैरवापर होणारं औषध आहे, कुलूप हवंच, यात वाद नाही. पण मुंबईच्या आईला हे कुलूप दोन चौक ओलांडून उघडता येतं, आणि अकिवाट-खिद्रापूरच्या आईला त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मग काही ठिकाणी डॉक्टर ॲटोमॉक्सेटिन लिहून देतो. ते कुलपातलं नाही, साध्या दुकानात मिळू शकतं. चांगलं औषध आहे, काही मुलांना तेच जास्त मानवतं. पण त्याचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि औषध मुलाकडे बघून निवडलं की मेडिकलच्या कपाटाकडे बघून, हे घरच्यांना कळत नाही. चांगला डॉक्टर ते न विचारता सांगतो.

गोळी घरात आली की ताबा आजीकडे जातो. आजीच्या हातून या घरातली तीन पोरं बाळगुटीवर वाढली आहेत. तिच्या मते कुठलंही औषध सहाणेवर उगाळून मधात चाटवल्याशिवाय अंगी लागत नाही. बारा तास झिरपायला बनवलेली गोळी ती पहिल्याच सकाळी खलबत्त्यात घालते आणि वर दांडा उचलते. आई स्वयंपाकघरातून ओरडत येते. त्या कुटलेल्या गोळीत दिवसभराचा डोस एकदम मोकळा होतो, म्हणून ती चावायचीही नाही आणि फोडायचीही नाही, हे डॉक्टरने बजावलेलं असतं. पण ते बजावताना आजी बाहेर चपला राखत बसलेली होती.

दुसऱ्या आठवड्यात खरा बॉम्ब पडतो. वाडीहून आणलेला कंदी पेढा चिरंजीव ‘नको’ म्हणतात.

या घराण्यात पेढ्याला कुणी नको म्हटल्याची नोंद नाही. आजी पदर डोळ्याला लावते. “पोरगं वाळाय लागलंय. बंद करा ती गोळी.” बहुतेक शिरोळकर घरांत औषध याच मुक्कामावर बंद पडतं, कुणालाही न विचारता. वास्तविक भूक कमी होणं हा या औषधाचा सगळ्यांत ओळखीचा उपद्रव. जोडीला झोप उशिरा लागणं, कधी पोटात किंवा डोक्यात दुखणं. त्यावर तोडगेही आहेत. गोळीआधी भाकरी-लोण्याचा भरपेट नाश्ता, डब्याचा आग्रह कमी, आणि गोळी उतरल्यावर रात्री भूक उसळते तेव्हा पोटभर जेवण. पेढाही रात्रीच. वजन खरंच घसरत असेल तर डोस बदलतात, औषध बदलतात, सुट्टीत थांबवूनही बघतात. पण हे सांगायला फोन उचलणारा डॉक्टर लागतो, आणि ‘आजीचं बरोबर आहे, वजन बघू’ म्हणणारा लागतो.

त्यातच शेजारच्या काकू हळूच येऊन विचारतात, “आमच्या पिंकीची शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. तिलाबी एक द्याल का? फक्त पेपरच्या दिवशी?”

औषध तेच असून डॉक्टरने किती फरक पडतो, याची मोजदाद झालेली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या चौदा महिन्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एका गटाला अभ्यासातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. दर महिन्याला अर्धा तास भेट, शिक्षकांकडून खबर, त्यावरून डोस कमी-जास्त. दुसऱ्या गटाला ‘तुम्ही तुमच्या गावच्या डॉक्टरकडे जा’ म्हणून सोडून दिलं. त्यांतल्याही साधारण दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होतं, भेट मात्र वर्षातून एक-दोनदा आणि घाईची. पहिल्या गटातली मुलं स्पष्टपणे पुढे निघाली. चौदा महिन्यांनी ती कडक देखरेख थांबली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दोन्ही गटांतला फरक पुसला गेला. गुण हाताला असतो की नाही हे सांगता येणार नाही, पण डायरीला असतो असं दिसतं.

शिरोळात ही डायरी पाळायची तर हवामान खात्याचीही मदत लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगा चढल्या तेव्हा तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याने तोडली होती. तेव्हापासून इथला अनुभवी पालक आषाढ लागला की गॅस सिलिंडर, जनावरांची वैरण आणि चिरंजीवांच्या गोळ्या असा हिशेब एका दमात करतो. कुलपातली गोळी उधार मिळत नाही, जास्तीची मिळणंही मुश्कील. म्हणून चांगला डॉक्टर जूनमध्येच विचारतो, “तुमच्याकडं पाणी कुठवर येतं?” मुलाच्या मेंदूच्या डॉक्टरला राजापूर बंधाऱ्याची पातळी माहीत असणं हे वैद्यकीय अभ्यासक्रमात नाही, पण या तालुक्यासाठी असायला हवं.

राहता राहिली पुढची तारीख. डॉक्टरच्या खोलीतली सगळ्यांत चिवट लढाई इथेच होते.

“चार आठवड्यांनी या. सोमवारी.”

“सोमवारी दत्तजयंती हाय डॉक्टर. वाडीचा रस्ता जाम असतोय.”

“मग मंगळवारी.”

“मंगळवारी उसाला तोड हाय.”

“गोळ्या मंगळवारी सकाळी संपतात. चुकवून चालणार नाही, याचं वजनही बघायचंय. तोड पुढं ढकला.”

उसाची तोड पुढे ढकलणं म्हणजे काय, हे डॉक्टरला बहुधा ठाऊक नसावं. वडील बाहेर येतात, जिन्यात उभे राहून तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला फोन लावतात. वर्षभर गल्लीत, भावकीत, साडूला सुद्धा कळू न दिलेली गोष्ट तोंडावर येते.

“मंगळवारची तोड बुधवारी करा की. जरा अडचण हाय.”

“कसली अडचण? टोळी आलीया, गाडी भरायची हाय.”

“पोराला डॉक्टरकडं न्यायचंय.”

“मग वैनीस्नी पाठवा की.”

“तसं न्हाई. ते... एका जागी बसतच न्हाई ते. अभ्यासात लक्ष न्हाई. त्याच्या गोळ्या चालू हाईत, डॉक्टर समक्ष बघितल्याबिगर देत न्हाईत.”

पलीकडे थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येतो.

“बसतच न्हाई म्हंजे, बाटल्याबिटल्या हरवतोय का?”

“व्हय.”

“आणि मधीच बोलतोय?”

“व्हय.”

“बरं, तोड बुधवारी घालतो,” चिटबॉय म्हणतो. “आणि डॉक्टरचा नंबर सांगा. थांबा, पेन सापडंना. आत्ता तर खिशात हुतं.”